हरेशच्या निरोपाच्या हळदी

पनवेलच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं कॅसेटचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. हिंदी सिनेमाच्या कॅसेटी पुढच्या फळीवर आणि कोळीगीतांच्या मागच्या फळीवर, अशी मांडणी मी सुरुवातीला केली होती. पंच्याण्णवच्या लग्नसराईत ती उलटी करावी लागली. जो येई तो हरेशची कॅसेट मागे.

हरेश करंज्याचा. माझी बायको सुनीता त्याच्या शेजारच्या घरातली; लहानपणी तिने त्याला कडेवर खेळवलेला, म्हणून तो मला दाजी म्हणायचा. त्याचे वडील बोटीवर खलाशी होते, ते लवकर वारले. आई गंगाबाई मासळी विकून घर चालवायची. हरेशनेही बोटीवर जावं असं सगळ्यांनी धरलं होतं, पण कोळ्याच्या पोटी जन्मून त्याला बोट लागायची. किनारा दिसेनासा झाला की पोटातलं सगळं बाहेर. बोटीच्या तांडेलाने दोन-तीन खेपा बघितलं आणि म्हणाला, "याला धक्क्यावरच ठेवा."

धक्क्यावर त्याला लिलाव पुकारायचं काम मिळालं. बोटी आल्या की मासळीचे ढीग पडायचे, व्यापारी घोळका करायचे आणि हरेश मधे उभा राहून भाव वाढवत न्यायचा. नुसता भाव नव्हे. कोणाची टोपी, कोणाचं पोट, कोणाची कंजुषी, सगळं त्या पुकारण्यात गुंफायचा. व्यापारी हसता हसता चढे भाव देऊन बसायचे.

एकदा दिनानाथ तिथे गेला. पनवेलचा ऑर्केस्ट्रावाला, कुठल्याशा पार्टीसाठी कोलंबी घ्यायला आला होता. कोलंबी राहिली बाजूला, तो लिलाव संपेपर्यंत हरेशचं तोंड बघत उभा राहिला. टीव्हीवर तेव्हा उलट्या टोप्या घातलेली पोरं हात नाचवत हिंदीत भराभरा बोलायला लागली होती.

"तू जे करतोस ना, त्याला शहरात रॅप म्हणतात," दिनानाथ म्हणाला.

"आमच्यात त्याला तोंड चालवनं म्हनतात," हरेश म्हणाला.

पुढच्याच हळदीला दिनानाथने त्याला दोन गाण्यांच्या मधे उभा केला. मागे गोरखची ढोलकी, बाजूला ऑक्टोपॅड, पुढे नवऱ्यामुलाचे नातेवाईक.

"करंज्याची होडी, कोनची गोडी,
नवऱ्याची मिशी अजून थोडी,
व्याही म्हनतो भात वाढ,
इहीन म्हनते कोलंबी काढ!"

एवढ्यावर मांडव उठला. मग ज्या गावात जाईल तिथली माणसं, तिथली भांडणं, तिथला सरपंच असं सगळं तो उभ्या उभ्या जुळवायचा. एका वर्षात 'रॅप हरेश' हे नाव उरणपासून पेणपर्यंत गेलं, दिनानाथने त्याची कॅसेटही काढली. हळदीची तारीख आधी हरेशला विचारायची आणि मग भटजीला, असं लोक गमतीने म्हणायचे. त्याने माधुरीशी लग्न केलं. ती उरणची, बारावी झालेली, बालवाडीत शिकवणारी. दोघांनी नवीन पनवेलला सिडकोच्या इमारतीत एक खोली भाड्याने घेतली. गंगाबाई मात्र करंजा सोडायला तयार नव्हती.

शहाण्णवच्या एप्रिलात कोन गावात हळद होती. उजेड अजून होता, पोरं नाचत होती. हरेश रंगात आला होता आणि मधेच थांबला. गोरखला वाटलं, शब्द शोधतोय. त्याने ढोलकीचा ठेका फिरवून पुन्हा आणून दिला. हरेश नुसता उभा. मग माईकमधे म्हणाला, "बास. झाला आता," आणि खाली उतरून गेला.

एवढंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "हरेशने सोडला म्हणे?" दुपारपर्यंत सोडण्याची कारणंही आली. त्याला न्हावा-शेवा बंदरात नोकरी लागली. त्याने माळ घातली, आता तो फक्त भजन म्हणणार. बायकोने शपथ घातली. दुसऱ्या ऑर्केस्ट्रावाल्याने पानातून शेंदूर चारला आणि आवाज बसला. संध्याकाळी एक रिक्षावाला अगदी हळू आवाजात सांगून गेला की नरड्यात गाठ आहे, मुंबईला नेलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले.

मी दुकान बंद करून थेट त्याच्या घरी गेलो. हरेश चटईवर बसून भात-आमटी जेवत होता. नरडं ठणठणीत दिसत होतं.

"काय रे, काय झालं काल?"

त्याने माधुरीकडे पाहिलं. माधुरी म्हणाली, "सांगा ना दाजींना. किती दिवस लपवणार?"

त्याने डाव्या कानावर हात ठेवला. "यात शिटी वाजतेय दाजी. कुकरची वाजते ना, तशी. पयली थोडी वाजायची, निजून उठलो का जायची. आता जात नाय. काल मना ढोलकी आयकूच आली नाय. गोरखचा हात हलताना दिसत होता, पन आवाज नाय."

माधुरीला ते आधीच कळलं होतं. दूधवाल्याची घंटा त्याला ऐकू येत नव्हती, टीव्हीसमोर तो उजवीकडे मान वळवून बसायचा, आणि डाव्या बाजूने ती काही बोलली तर उत्तर यायचं नाही. तिला आधी वाटलं, रागावलाय. मग ती त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून विचारलं, तुम्ही काम काय करता? आणि त्याने सांगितल्यावर मान हलवली. तीन वर्षं स्पीकरच्या भिंतीला खेटून उभं राहायचं, त्यात आतल्या नसा गेल्या. याला औषध नाही. डावा गेलाच आहे. उजवा वाचवायचा असेल तर आवाजापासून लांब राहा.

"मग खरंच सोडतोस?" मी विचारलं.

"सोडून करू काय? बोट लागते मना. लिलाव पुकारायचा तर चार बाजूंनी भाव आयकायला लागतो," तो म्हणाला. "आणि दाजी, मना आवडतंय वो ते." मग पुन्हा भाताला लागत म्हणाला, "कोनाला बोलू नका. बहिऱ्याला हळदीला कोन बोलावल?"

मी कोणाला बोललो नाही. पण दिनानाथला सांगणं भाग होतं, ते हरेशने स्वतःच सांगितलं. माझ्या दुकानात, माझ्यासमोर. दिनानाथ ऐकत होता आणि मला वाटलं, आता हा हात झटकणार. त्याने उलटंच केलं.

"लोक काय म्हणतायत ते तुला माहीत आहे का? सकाळपासून मला फोनवर फोन येतायत. सोडायच्या आधी आमच्याकडे एक हळद करा म्हणून. लोकांना बोलू दे. आपण हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही."

"पन ते खोटा होईल ना शेठ?"

"खोटं कसं? तुला तरी माहीत आहे का, किती दिवस करशील ते?"

खरोखरच त्याला माहीत नव्हतं.

आठवड्यात पोस्टर लागली. हरेशचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'अखेरचा कार्यक्रम?' मी दिनानाथला म्हटलं, हे काय लावलंस? तो शांतपणे म्हणाला, "पुढे प्रश्नचिन्ह आहे, वाचा नीट."

लोकांनी प्रश्नचिन्ह वाचलं नाही. गव्हाणला हळदीच्या मांडवात गावकऱ्यांनी हरेशला शाल आणि नारळ दिला. बायका रडल्या. उलव्याला, जासईला, चिरनेरला तेच. प्रत्येक गावाला वाटायचं, शेवटची हळद आपल्याच गावात झाली. मग चार दिवसांनी शेजारच्या गावात तोच निरोप. कोणी विचारलं तर दिनानाथचा माणूस सांगायचा, "त्यांनी फारच आग्रह केला हो."

नवीन पनवेलच्या खोलीत शालींची थप्पी लागली. माधुरी रोज नारळ फोडायची. सोलकढी, नारळीभात, वड्या. मजल्यावरच्या सगळ्या घरांत वाटूनही नारळ संपेनात. "एवढे निरोप माझ्या माहेरून निघतानाही कोणी दिले नव्हते," ती मला म्हणाली. हसत म्हणाली, पण तिला ते आवडत नव्हतं. रोज कार्यक्रमाला निघताना ती त्याच्या उजव्या कानात कापसाचा बोळा घालायची आणि तो रस्त्यात काढून टाकायचा, कारण मग काहीच ऐकू यायचं नाही.

स्टेजवर त्याने आपली सोय करून घेतली होती. गोरखला उजवीकडे बसवायचा आणि स्वतः अनवाणी उभा राहायचा. ढोलकीचा ठोका फळीतून पायाला लागायचा, त्यावर तो शब्द टाकायचा. कधी कधी चुकायचा. लोकांना वाटायचं, निरोपाच्या दुःखाने गळा दाटून आला. आणि ते जास्तच टाळ्या द्यायचे.

मे महिना संपत आला तेव्हा करंज्याची हळद ठरली. काळूराम नावाचा बोटवाला होता, त्याच्या मुलीची, कमळीची. करंजा म्हणजे हरेशचं स्वतःचं गाव. तिथे नुसती शाल नाही, गावकीने सत्कारच ठरवला. मी आणि सुनीता दुपारीच गेलो होतो. धक्क्याकडच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांडी बाजूला सरकवल्या होत्या. ऊन उतरायच्या आत माणसं जमली.

सुनीता आधी गंगाबाईच्या घरी जाऊन आली आणि येऊन मला म्हणाली, "मावशी किती वाळल्यात. बघितलंत का?"

मी बघितलं. पुढच्याच रांगेत बसली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

हरेशने दोनच कडवी म्हटली असतील, तेव्हा गावकीचा पुढारी स्टेजवर चढला. शाल दिली, फेटा बांधला, आणि म्हणाला, आता हरेशच्या आईने दोन शब्द बोलावे. गंगाबाई स्टेजवर यायला तयार नव्हती. बायकांनी ढकलत आणली. आयुष्यभर बाजारात आरडाओरडा करून मासळी विकलेली बाई, पण माईक हातात आल्यावर तिने तो परत पुढाऱ्याच्या हातात द्यायला बघितला.

"मी काय बोलू?" ती शेवटी म्हणाली. "माज्या पोराला बरा वाटू दे. कार्ल्याच्या आईला मी नवस बोललंय, याचं नरडं बरं होऊ दे. तवरीक मी मासळी तोंडात घेनार नाय. दीड मयना झाला. आई बघील."

हरेश उजवा कान तिच्याकडे करून उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. कोणी थोबाडीत मारावी तसा झाला.

त्या रिक्षावाल्याची ती गाठ पनवेलहून करंज्याला पोचली होती तर. गंगाबाईने कोणाला विचारलं नाही. मुलगा आपणहून सांगत नाही म्हणजे खरंच असणार, असं तिने धरलं होतं. दर रविवारी तो घरी यायचा, हसायचा, बोलायचा, आणि ती त्याच्या गळ्याकडे बघत राहायची. समोर पाट्या भरून मासळी विकायची आणि घरी येऊन मीठभाकरी खायची.

हरेशने तिच्या हातातून माईक घेतला.

"आये, माजं नरडं ठीक हाय," तो म्हणाला. मग लोकांकडे वळला. "आयका. मना नरड्यात कायपन झायला नाय. माजा कान गेलाय. हा डावा. स्पीकरनी गेला. मी बोललो नाय, कारन मना भीती वाटली, तुमी बोलावनार नाय. हळद सोडतोय असापन मी कुठं बोललो नव्हतो. पन तुमी तसा समजलात आणि मी समजू दिला. शाली घेतल्या, नारल घेतले."

दिनानाथ ऑर्केस्ट्राच्या मागून हाताने खुणा करत होता, गाणं सुरू करा, गाणं सुरू करा. गोरखने ढोलकीवर हातच ठेवला नाही.

मागून कोणीतरी ओरडलं, "मंग आता सोडतोस का नाय? ते सांग!"

"मना ठावं नाय!" हरेश तितक्याच जोरात म्हणाला, आणि काही लोक हसले. ते हसणं मांडवाला बरं वाटलं. काळूराम पुढे झाला. मुलीची हळद आहे, रडारड नको म्हणाला, आणि दिनानाथच्या ऑर्केस्ट्रातल्या गायिकेने एक जुनं कोळीगीत सुरू केलं. पोरं पुन्हा नाचायला लागली. हरेश खाली उतरून आईजवळ बसला.

गंगाबाई त्याच्याशी बोलली नाही. घरी गेल्यावर बोलली. सुनीता आणि मी ओट्यावर होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"कानाचा मना सांगाला काय झायलं होतं तुना? कान म्हंजे काय बाईल हाय का तुझी, लपवून ठेवाला?"

"आये, तू धक्क्यावर बोलशील, सगल्या उरनात जाईल, म्हनून..."

"आणि नरड्याचा गेला तो?"

मग ती रडली आणि मग तो. माधुरीने मधे पडून ताटं वाढली. काळूरामने पापलेटचं कालवण घरी पाठवलं होतं. हरेशने ते आईच्या पानात वाढायला घेतलं, तर तिने हात आडवा धरला.

"नरडं ठीक हाय ना आता? मग खा ना," हरेश म्हणाला.

"नवस म्हंजे नवस. आईच्या पायाशी जाऊन सोडीन."

पुढच्या रविवारी सगळे कार्ल्याला गेले. डोंगर चढताना गंगाबाई सगळ्यांच्या पुढे होती. नवस कशाचा बोललात म्हणून पायऱ्यांवर कोणी विचारलं तर सांगायची, "नरड्याचा बोललंवता, निघाला कान. आईने समजून घ्यावा."

खरं बोलल्याचे परिणाम व्हायचे ते झाले. जूनच्या उरलेल्या तारखा रद्द झाल्या. दिनानाथने दोन महिने बोलणं टाकलं आणि मिथुन नावाचा एक पोरगा उभा केला, हरेशचीच कडवी म्हणणारा. पण दिनानाथही वाईट माणूस नव्हता. दिवाळीला मिठाई घेऊन हरेशकडे गेला, आणि दोघं मिथुनच्या उच्चारांना हसत बसले.

हरेशने एक गोष्ट केली, ती मला तेव्हा वेडेपणाची वाटली. सगळ्या शाली एका पिशवीत भरल्या आणि ज्या त्या गावाला परत द्यायला निघाला. मला बरोबर चला म्हणाला. नारळांचं काय, मी विचारलं. "ते पोटात गेले, त्यांची माफी मागीन."

गव्हाणला लोकांनी शाल घेतली नाही, चहा पाजला. उलव्याला एक म्हातारी म्हणाली, दिलेलं परत घेतलं तर आमच्या पोरीच्या संसाराला बरं नाही. चिरनेरला कोणी घरीच नव्हतं, सगळे लावणीला शेतात. हरेशने बांधावरून हाक मारली, त्यांनी चिखलातून हात हलवले. फक्त जासईला एका माणसाने शाल हातात घेतली, झटकली, घडी घातली आणि कपाटात ठेवली. वर म्हणाला, "फसवलंस तू आम्हांला." हरेश म्हणाला, "व्हय." बाहेर आल्यावर मला म्हणाला, "ह्यो एक बरा भेटला. बाकीच्यांनी लाजवला मना."

नंतर त्याने सायकलला पेटी बांधून नवीन पनवेलच्या सेक्टरांमध्ये मासळी विकायला सुरुवात केली. कोळ्यांमध्ये हे बायकांचं काम. गंगाबाईला आधी लाज वाटली. पण माल तीच निवडून द्यायची, आणि मासळी ओळखायची कशी हे तिने त्याला त्या वर्षात मारून मुटकून शिकवलं. लिलाव पुकारणाऱ्याला मासळीतलं काही कळत नाही, असं तिचं ठाम मत होतं. त्या इमारतींमध्ये देशावरची, विदर्भातली माणसं राहायला आली होती. त्यांना बोंबील कसा साफ करायचा हेही माहीत नसायचं. हरेश जिन्यात बसून दाखवायचा. डाव्या बाजूने कोणी भाव विचारला तर ऐकू यायचं नाही आणि बायकांना वाटायचं, हा माणूस भाव कमी करत नाही, पक्का आहे.

अफवा काही थांबल्या नाहीत. हरेश परत येतोय, हरेशची नवी कॅसेट येतेय, मस्कतला कार्यक्रम झाला, असं काही ना काही दर लग्नसराईत माझ्या दुकानात यायचंच. मी आधी खोडून काढायचो. मग सोडून दिलं. त्याच्या जुन्या कॅसेटी विकल्या जात होत्या आणि त्याचे थोडेफार पैसे त्यालाही मिळत होते.

खरं विचाराल तर त्याने पूर्ण सोडलं नाही आणि पूर्ण केलंही नाही. नात्यातली हळद असली, स्पीकर नसले, नुसती गोरखची ढोलकी असली तर उभा राहायचा. कधी ठरवून नाही. गंगाबाईने डोळ्यांनी खुणावलं तर.

अठ्ठ्याण्णवला त्याला मुलगी झाली, विनिता. मी आणि सुनीता बारशाला गेलो तेव्हा ती पाळण्यात किंचाळत होती, पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले होते. माधुरी म्हणाली, "रोज पहाटे असंच. मलाच उठावं लागतं, हे डाव्या कानाची सबब सांगून झोपतात."

"तसं नाय दाजी," हरेश म्हणाला, "मी उजव्या कुशीवर झोपतो." उशीत चांगला कान दाबून झोपायचं, म्हणजे काहीच ऐकू येत नाही. हे त्याने मला सांगितलं आणि माधुरीने ते ऐकलं. त्या दिवसापासून पहाटे मुलीला घ्यायचं काम त्याच्याकडे आलं.